झालर

सलालात पाऊस पडत नाही, लोंबतो.
जून सरता सरता समुद्रावरून धुकं चढतं,
डोंगर पुसून टाकतं,
आणि उंट अंगावर ओल घेऊन
रस्त्याच्या मधोमध उभे राहतात.
इथले लोक याला खरीफ म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो:
आमच्या पीकपाहणीतला शब्द
इथं कुणी आणून ठेवला?
बखीत म्हणाला, आणला नाही, तुम्हीच नेलात.

बखीत बिन सुहैलला मिरी हवी होती
नारळावर चढलेली.
त्याचा पणजोबा म्हणे गलबतातून आणायचा;
गोणी उसवली की घर सगळं शिंकायचं,
पण त्या घरात वेल कुणी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, आणतो.
डिसेंबरच्या सुट्टीत घरामागच्या पोफळीखालून
रांगते फुटवे कापले, तीन-तीन डोळ्यांचे,
ओल्या गोणपाटात, मग लुंगीत, मग बॅगेत,
आमसुलं आणि फणसपोळीच्या मधे.
कस्टमवाल्याने फणसपोळी हुंगली
आणि जाऊ दिलं.

दोनशे चाळीस पिशव्या. हिरवी जाळी.
माती, वाळू, शेणखत.
मोफिझुल पाणी घाली. मी म्हणे, कमी घाल.
तो म्हणे, तहान मला शिकवू नकोस,
मी दोहात छतावर काम केलंय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात
बासष्ट नंबरच्या पानावर डाग.
काळा, भिजल्यासारखा,
कडेला बारीक झालर,
जुन्या अभ्र्याला असते तशी.
तिसऱ्या दिवशी पान गळलं.
मग खालच्या रांगेत
पानं एकमेकांना चिकटलेली,
मधे कोळिष्टकासारखे धागे;
सोडवायला गेलो तर हातातच विरली.
कोपऱ्यात खोडाशी पांढरी लव
आणि लवेत मोहरीएवढे दाणे.
मोफिझुलला वाटलं, कुणाची फोडणी सांडली.
मला ठाऊक होतं.
ते दाणे मातीत वर्षानुवर्षं थांबतात,
व्हिसा वाढवून न घेता.

मोरचूद शोधण्यात दोन दिवस गेले.
एका बादलीत निळं पाणी, दुसरीत चुना,
तिसरीत दोन्ही.
घरी कोयता बुडवून बघायचो,
पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी.
इथं बखीतची सुरी बुडवली.
फवारलं.
रात्रीत धुक्याने धुऊन नेलं.
परत फवारलं.

शेवटी भावाला फोन लावला.
गुणाजी, पोफळीवरच्या वेलीची पानं बघून सांग,
कडेला झालर दिसते काय?
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा फिरला.
मग म्हणाला, ती गेली रे, शिमग्याच्या आधीच.
मुळातून काळी पडली.
तू तिकडे. तुला कशाला सांगायचं.

म्हणजे डिसेंबरातच ते तिच्या पायाशी होतं.
मी कापलं, गुंडाळलं, समुद्रापार आणलं,
आणि तीन आठवडे
इथल्या धुक्याला शिव्या घातल्या.

बखीतला सांगितलं सगळं, फणसपोळीसकट.
त्याने चहा संपवला, पेला पालथा घातला.
जाळ, म्हणाला. मातीसुद्धा.
माझ्या नारळांच्या बुडाशी जायला नको.

ओली पानं पेटत नव्हती, डिझेल ओतावं लागलं.
धूर वर गेलाच नाही,
धुक्यात शिरून जमिनीलगत बसून राहिला.
मोफिझुल मोजून टाकत होता.
दोनशे एकोणतीसला थांबला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि हात झटकून नमाजाला गेला.

खरीफात इथं कुणी एसी लावत नाही.
माझ्या खोलीचा रात्रभर चालू असतो.
दोन चादरी आणि कानटोपी घालून झोपतो,
म्हणजे भिंतीपलीकडे
गरम कोरडा वारा सुटतो
अकरा पिशव्यांवर.
पहाटे टॉर्च घेऊन एकेक पान उलटून बघतो.
काल दहा होत्या.

बखीतने विजेचं बिल हातात धरून विचारलं,
तुला एवढं उकडतं?
हो म्हटलं.